रस्ता झिजवणाऱ्याचे बिल

जून उजाडला की पुण्यात खड्ड्यांचे फोटो फिरू लागतात आणि त्याखाली एक वाक्य ठरलेले असते, ‘रोड टॅक्स भरतो आम्ही, मग रस्ते असे का?’ राग रास्त आहे, हिशेब मात्र चुकतो. गाडी घेताना शोरूममध्ये जो कर कापला जातो तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातला रस्ता दुरुस्त करते महापालिका. पुण्यात नोंदलेल्या गाड्यांच्या करातला अमुक टक्का पुण्याच्या डांबरासाठी, असा काही नियम नाही. महापालिका जगते ती मिळकतकर, बांधकाम परवानग्यांचे शुल्क आणि जीएसटीपोटी मिळणारे अनुदान यांवर. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. जकात नाक्यावरच्या रांगा आणि तिथली चिरीमिरी यांची आठवण कोणी प्रेमाने काढत नाही, आणि काढूही नये. पण शहरात जड माल घेऊन येणाऱ्या ट्रककडून शहराला चार पैसे मिळण्याची ती एक वाट होती. ती बंद झाली.

एके काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. म्हणजे रस्त्याला सर्वांत कमी त्रास देणारे वाहन पालिकेला थेट कर देत होते, आणि आज पंचवीस टनांचा काँक्रीटचा मिक्सर-ट्रक देत नाही!

मुळात वाहनकराची आकारणीच पाहा. महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर एकरकमी कर आहे आणि तो गाडीच्या किमतीवर लागतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. आठ लाखांची पेट्रोल कार घेतली की ८८ हजार रुपये एकदाच भरायचे आणि पंधरा वर्षे मोकळे. मग ती गाडी कोथरूडच्या सोसायटीत कव्हर घालून उभी राहो, नाहीतर रोज हिंजवडीला जाऊन येवो, कर तेवढाच. खानावळीत जेवणाऱ्याच्या ताटाकडे न बघता त्याच्या शर्टाच्या किमतीवर बिल लावावे, तसा हा प्रकार आहे. श्रीमंताकडून जास्त घ्यावे हे तत्त्व मला मान्य आहे. तो संपत्तीवरचा कर म्हणून घ्या आणि तसे सांगा. रस्ता किती वापरला आणि किती झिजवला, याच्याशी त्याचा संबंध नाही.

वापराशी थोडाफार संबंध असलेला कर एकच, तो म्हणजे इंधनावरचा. ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षे जुनी आहे आणि तिचे एक टोक पुण्यात आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातले ग्रंथालय त्यांच्याच नावाने आहे. त्या समितीने सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि जास्त भरेल. साधी आणि न्याय्य कल्पना.

तिचे पुढे जे झाले ते आपल्या सार्वजनिक हिशेबाचे सार आहे. २००० सालच्या कायद्याने या निधीला पक्का पाया मिळाला. २०१८ मध्ये त्याचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले आणि रस्त्यांच्या पंगतीत रेल्वे, बंदरे, ऊर्जा, अगदी शिक्षण-आरोग्याच्या इमारतींचीही सोय झाली. इंधनावरचा उपकर केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत मोडतही नाही. राज्याची तऱ्हा याहून वेगळी नाही. २०१५ मध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये दुष्काळासाठी लावले गेले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, अधिभार मात्र गेला नाही. २०१७ मध्ये महामार्गांलगतची दारूदुकाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोल लिटरमागे तीन रुपयांनी महागले. दारू प्यायची एकाने आणि तिचा कर भरायचा दुसऱ्याने, तोही शुद्धीत गाडी चालवून! अशा वेळी पंपावर उभ्या माणसाला ‘हे पैसे रस्त्यासाठी आहेत’ असे सांगायला कोण धजावेल?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रस्ता मोडतो कोण?

याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मिळाले. तिथे १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक गोल गोल फिरवले आणि रस्ता किती खचतो ते मोजले. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज ही गाडीच्या एका आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, येणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज सोळा पट. भरलेल्या छोट्या कारच्या एका अ‍ॅक्सलवर पाऊण-एक टन वजन येते, ते ०.८ टन धरा. ट्रकच्या अ‍ॅक्सलवर आठ टन धरा. वजन दहा पट, झीज दहा हजार पट. हा घात प्रत्येक रस्त्यावर नेमका चारच असतो असे नाही, रस्त्याचा प्रकार आणि खालची माती यांप्रमाणे तो बदलतो. पण दहा हजारांचे पाच हजार झाले तरी मुद्दा हलत नाही. स्कूटरने रस्ता झिजतो, हे म्हणणे हिशेबापुरतेसुद्धा खरे नाही.

हे आपल्या अभियंत्यांना माहीत नाही असे अजिबात नाही. रस्त्याची जाडी ठरवतानाच ते त्यावरून किती ‘प्रमाणित अ‍ॅक्सल’ जाणार ते मोजतात. कर ठरवणाऱ्यांच्या टेबलावर मात्र ते गणित पोहोचत नाही. मालमोटारींचा कर वजनाच्या पायऱ्यांनी चढतो, हे खरे. पण तो एकेक पायरी चढतो आणि झीज उड्या मारत जाते. त्यात २०१८ मध्ये केंद्राने जड वाहनांना जादा वजन वाहायला परवानगी दिली. चार चाकांच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ सुमारे तेरा टक्के. चौथ्या घाताने पाहिले तर झिजेची वाढ साठ टक्क्यांहून जास्त. खेपा थोड्या कमी होतील हा युक्तिवाद बरोबर आहे, पण झीज त्याहून वेगाने वाढते. वाहतूकदाराचा फायदा झाला, सिमेंट-स्टीलवाल्यांचा झाला, रस्त्यांच्या मालकांना कोणी विचारले नाही.

इथे कोणी जंगली महाराज रस्त्याचे नाव काढेल, आणि काढावेच. १९७६ मध्ये ‘रेकॉन्डो’ कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर तो केला आणि ती हमी संपून किती तरी दशके झाली तरी रस्ता टिकून राहिला. त्यावरून तर बसगाड्याही धावतात. मग वजनाचे काय घेऊन बसलात? मला वाटते, हा रस्ता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, त्याला मर्यादा घालतो. डांबराचा खरा वैरी पाणी. उतार नीट नसला, पावसाळी गटार तुंबले, की पाणी भेगेतून खाली शिरते, खालची खडी-मुरमाची थर सैल होते आणि मग चाक त्यावर घाव घालते. त्यातच आपण रस्ता केल्यावर महिन्याभरात जलवाहिनी, वीजवाहिनी, गॅस आणि केबल यांसाठी तो उकरतो आणि चरावर डांबराचे ठिगळ मारतो. तेव्हा कंत्राटदाराची कसूर, खोदाई आणि पाऊस यांचे खापर ट्रकवर फोडणे चूक आहे. पावसाने आणि वयाने होणारी झीज ही सगळ्यांची आहे, पायी चालणाऱ्याचीसुद्धा, कारण रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी त्याच्याही दारात येते. तो खर्च मिळकतकरातून व्हावा यात अन्याय नाही. खोदाईचा खर्च खोदणाऱ्याने भरावा, तसे शुल्क आजही घेतले जाते. राहिली वजनाची झीज. तिचे बिल आज कोणालाच जात नाही.

पुण्यात ती कुठे होते हे सांगायला यंत्र नको. २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली, त्यांत वाघोली होती. तिथल्या खाणींतली खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, घेऊन डंपर शहरभर जातात. ग्रामपंचायतीने कधीकाळी बैलगाडी आणि ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून केलेले रस्ते आता महापालिकेचे आहेत आणि त्यांवर आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, मिक्सर फिरतात. बाणेर-बालेवाडी, बावधन, उंड्री, पिसोळी, कुठेही जा. बांधकाम चालू असेतोवर डंपर, मिक्सर आणि स्टीलचे ट्रेलर. बांधकाम संपून लोक राहायला आले की पाण्याचे टँकर, कारण नळाला पाणी नाही. टँकरची एक बारीक खोडी अशी की तो नुसता जड नसतो, गळतही जातो. पाणी आणि वजन एकाच वेळी.

माझे म्हणणे एवढेच आहे की जड वाहनांचा कर ‘अ‍ॅक्सलवरचे वजन गुणिले अंतर’ या हिशेबाने लावावा आणि तो पैसा ज्या संस्थेचा रस्ता झिजला तिला जावा. दोन्ही अर्धी एकत्रच हवीत. पहिले केले आणि दुसरे नाही, तर आणखी एक दुष्काळी अधिभार तयार होईल.

हे स्वप्नरंजन नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर चालणाऱ्या आणि जड गाड्यांसाठी १९७८ पासून अशी पद्धत आहे. गाडीचे वजन आणि अ‍ॅक्सलची रचना यांवर दर ठरतो आणि हजार किलोमीटरांच्या हिशेबाने आगाऊ परवाना घ्यावा लागतो. जमा पैसा वाहतुकीच्या वेगळ्या निधीत जातो. स्वित्झर्लंडने २००१ पासून मालट्रकांवर वजन, अंतर आणि धूर या तिन्हींचा मिळून कर लावला आहे आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा कँटनांना, म्हणजे त्यांच्या राज्यांना मिळतो. आपण नेमके उलट्या दिशेने निघालो आहोत. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या आणि क्रेन, एक्स्कॅव्हेटरसारखी बांधकामाची वाहने यांच्यावर सात टक्के एकरकमी कर सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आला. वसुलीला सोपा, हातात रोख रक्कम लगेच. रस्ता पुढची पंधरा वर्षे झिजणार, पैसे या वर्षीच खर्च होणार.

अंतर मोजणार कसे, हा पहिला आक्षेप. प्रत्येकाच्या गाडीत सरकारी जीपीएस बसवून आपण कुठे गेलो याची नोंद ठेवायला माझा ठाम विरोध आहे. पण स्कूटर आणि छोट्या कार यांचे अंतर मोजायचे कारणच नाही. त्यांची झीज नगण्य आहे आणि इंधनावरच्या करातून ते भरपूर भरतात. पुण्यात मिळणाऱ्या पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये आहेत, केंद्राचे वेगळे. प्रश्न फक्त धंद्याच्या जड गाड्यांचा आहे आणि त्यांच्यावर नजर आधीच आहे. त्यांना फास्टॅग आहे, ई-वे बिल आहे, खडी-वाळू वाहणाऱ्यांना जीपीएसही सक्तीचा आहे. गाडी पासिंगला आणावीच लागते, पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. तेव्हा मीटर वाचता येतो. मीटर मागे फिरवणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत हे मान्य, पण फास्टॅगच्या नोंदी समोर ठेवल्या की ती कारागिरी उघडी पडते.

दुसरा आक्षेप महागाईचा. तो ऐकला की सगळे गप्प होतात, म्हणून आकडा मांडून पाहू. समजा, दहा टन टोमॅटो घेऊन ट्रक नारायणगावहून मार्केट यार्डात आला. अंतर पंचाहत्तर किलोमीटर धरा आणि नवा कर किलोमीटरला तीन रुपये, म्हणजे मुद्दाम चढाच, धरा. सव्वादोनशे रुपये झाले. किलोमागे सव्वादोन पैसे. टोमॅटोचा भाव मार्केट यार्डापासून मंडईपर्यंत पोहोचताना याच्या किती पट वाढतो हे गृहिणींना विचारा. भाजीवाल्यांच्या आडून बोलणारे बहुधा भाजी वाहत नसतात.

ओव्हरलोडचे काय? कायदा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर टनामागे दोन हजार दंड आहे. दंड इतका मोठा की तो भरण्यापेक्षा ‘मिटवणे’ दोघांनाही परवडते. शहराच्या वेशीवर चालत्या गाडीचे वजन घेणारे काटे बसवले आणि वजनाप्रमाणे बिल आपोआप फास्टॅगमधून कापले गेले, तर मिटवायला माणूसच समोर राहत नाही. माझ्या मते या सगळ्या योजनेतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी चर्चेतली गोष्ट हीच आहे.

आता कारवाल्यांनी फार खूश होऊ नये. कार रस्ता मोडत नाही, पण अडवते. उड्डाणपूल, रुंदीकरण, बोगद्यांचे प्रस्ताव हा सारा खर्च झिजेपायी होत नाही, जागेपायी होतो आणि जागा खाण्यात कारचा हात कोणी धरणार नाही. त्याची किंमत वजनाने लावता येत नाही, ती जागेने आणि वेळेने लावावी लागते. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येण्याचे शुल्क सुरू केले, सिंगापूरने तर १९७५ मध्येच. पुण्याला इतक्या लांब जायची गरज नाही. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करायचा ठरला, ओरड झाली आणि धोरण कागदावर राहिले. लक्ष्मी रस्त्यावर दुकानाचा गाळा घ्यायचा तर चौरस फुटाला काय मोजावे लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दुकानासमोर कारला लागणारी जागा दिवसभर फुकट, हा हक्क कोणी कोणाला दिला? या बाबतीत राज्याकडे बोट दाखवायचीही सोय नाही, अधिकार महापालिकेचा आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांचा मुद्दा थोडक्यात. त्या इंधनकर भरत नाहीत, राज्यात त्यांना वाहनकर माफ आहे, द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर टोलमाफीचे धोरणही आहे. २०२५ मध्ये तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तर एसटीचा प्रवासी तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर देतो. स्वारगेटहून भोरला जाणारा साधा प्रवासी रस्त्यासाठी पैसे भरतो आणि पन्नास लाखांची विजेची गाडी भरत नाही. स्वच्छ हवेसाठी सवलत द्या, पण तिला मुदत घाला आणि ती स्वस्त गाड्यांपुरती ठेवा. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही किलोमीटरचा हिशेब लागू केला. आपल्याकडे विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मीटरचा फोटो पुरेल. बसगाड्यांना मात्र मी या साऱ्यातून वगळेन. बस जड असते, रस्ता झिजवते, पण पन्नास-साठ माणसांना नेऊन तितक्या स्कूटर-कारची जागा वाचवते. तिची झीज शहराने आनंदाने सोसावी.

लोक पैसे द्यायला तयार होतील का? कोल्हापूरने २०१५ पर्यंत झगडून शहराच्या वेशीवरचा टोल उखडून टाकला, त्याला ‘फुकटेगिरी’ म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही. आपल्याच गावात शिरताना, आपल्याच रस्त्यांसाठी, हिशेब न दाखवता रोज पैसे मागितले तर कोणीही चिडेल. शिवाय तिथे टोल भरत होता तो छोट्या गाडीतला माणूसही, ज्याने रस्ता झिजवलेलाच नव्हता. वजनाचा कर त्याच्याकडून मागतच नाही. आणि झिजेचा पैसा एका वेगळ्या खात्यात, कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाला हे प्रभागवार छापून, एवढी अट घातली तर विरोध करायला उरतील ते डंपरचे मालक. त्यांचा आवाज मोठा आहे आणि अनेकदा डंपरचा मालक व लोकप्रतिनिधी एकाच घरात जेवतात, हे कोणापासून लपलेले नाही.

म्हणून राज्याचा कायदा बदलेपर्यंत महापालिकेने एका कामाला हात घालावा. बांधकाम परवानगी तीच देते. नकाशा तिच्याकडे असतो, त्यामुळे इमारतीला काँक्रीट किती लागेल, राडारोडा किती निघेल याचा अंदाज आधीच काढता येतो. चार हजार घनमीटर काँक्रीट लागणार असेल तर सहा घनमीटरच्या मिक्सरच्या साडेसहाशेहून जास्त खेपा होणार. खडी, माती, स्टील वेगळे. त्या खेपा कोणत्या रस्त्याने येणार हेही ठाऊक असते. विकास शुल्काबरोबरच या झिजेचे शुल्क घ्यावे, त्यासाठी नियमात भर घालावी लागेल ती शासनाकडून घालून घ्यावी आणि इमारत पूर्ण झाल्यावर तो रस्ता त्या पैशातून नव्याने करावा. बिल्डर ते शुल्क फ्लॅटच्या किमतीत घालणार, हे उघड आहे. घालू दे. आज त्याच रस्त्याची दुरुस्ती शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या मिळकतकरातून होते आहे.